तगर ते तेर

प्राचीन महाराष्ट्राचे वैभव पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा डोंगराची वाट धरतो. कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ ही नावे सर्वतोमुखी आहेत. डोंगराच्या पोटात कोरलेले लेणे कोणाला उचलून नेता येत नाही, त्याची वीट काढून घराला लावता येत नाही. म्हणून ते दोन हजार वर्षे जागच्या जागी राहिले. परंतु ही लेणी ज्यांच्या दानातून कोरली गेली, ते लोक काही लेण्यांत राहत नव्हते. कार्ल्याच्या खांबांवरील लेखांत व्यापाऱ्यांची नावे आहेत, यवनांचीही आहेत. ही माणसे कोठल्या तरी पेठेत दुकान मांडून बसत, बैल जुंपून माल पाठवीत. त्या पेठांचे काय झाले, असा प्रश्न लेणी पाहून परतणाऱ्या माणसाच्या मनात क्वचितच येतो. ज्याच्या मनात तो आला असेल, त्याने एक संपूर्ण दिवस काढून तेरला जावे.

तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी वसलेले आहे. बार्शीहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ढोकी लागते. त्या शेजारामुळे गावाला पुष्कळदा तेर-ढोकी असेही म्हणतात. वारकऱ्यांना ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असते. सकाळी उन्हे कोवळी असता गावाजवळ येणाऱ्या प्रवाशाला प्रथमदर्शनी काहीच अलौकिक दिसत नाही. काळ्या रानात उभी असलेली पिके, नदीचे रुंद पात्र, देवळांची शिखरे आणि गावाभोवती मधून मधून वर आलेली मातीची टेकाडे, इतकेच काय ते दृश्य. तट नाही, वेस नाही, मोडक्या राजवाड्यांच्या भिंती नाहीत. तथापि एके काळी ज्याचे नाव समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांच्या वहीत लिहिले गेले, ते तगर नगर हेच होय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तकडून हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या एका ग्रीकभाषी माणसाने बंदरांची आणि बाजारपेठांची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. दक्षिणापथातील दोन मोठ्या पेठा तो सांगतो. एक पैठण, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर; दुसरी तगर, पैठणच्या पुढे आणखी दहा दिवसांच्या वाटेवर. या दोन्ही पेठांचा माल गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरी जाई. पैठणहून जात ते अकीकाचे खडे. तगरहून जाई ते मुख्यत्वे कापड: साधे जाडेभरडेही आणि तलम मलमलही. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव येते.

नाव राहिले, पण गाव कोणते हे विसरले गेले. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तगरचा शोध आरंभिला तेव्हा कोणी दौलताबादकडे बोट दाखविले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, डॉ. भांडारकरांना धारूर संभवनीय वाटले. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी तेरचे नाव पुढे केले आणि ते सर्वमान्य झाले. त्यांच्या विचाराची दिशा मराठी माणसाला सहज पटण्याजोगी आहे. संस्कृतातील ‘नगर’ या शब्दातील मधला ‘ग’ प्राकृतात गळाला आणि मराठीत ‘नेर’ झाले. संगमनेर, पारनेर, जामनेर, अंमळनेर ही गावे त्याची साक्ष देतात. ‘नगर’चे जर ‘नेर’ होते, तर ‘तगर’चे ‘तेर’ का होऊ नये? अंतराचा हिशेबही याला दुजोरा देतो. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते, पैठण ते तेर सुमारे दीडशे. वीस दिवस आणि दहा दिवस हे प्रमाण बैलगाडीच्या चालीशी चांगले जुळते. पेरिप्लसकार तगर पैठणच्या पूर्वेस सांगतो आणि तेर आग्नेयेस आहे, ही गोष्ट खरी. परंतु बंदरात बसून आतल्या मुलखाची ऐकीव हकीकत लिहिणाऱ्या माणसाच्या हातून एवढा फरक होणे स्वाभाविक आहे.

देशी लेखांतही तगर आढळते. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या शके ५३४, म्हणजे इ. स. ६१२ च्या ताम्रपटात ज्या ब्राह्मणाला दान दिले, तो तगरचा रहिवासी म्हणून नोंदलेला आहे. त्यानंतर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावीत. अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. ते ज्या कुळाच्या कारकीर्दीत उभे राहिले, त्या कुळाला आपले मूळ तगरात आहे हे सांगण्यात भूषण वाटे. तोवर नगराचा व्यापार कधीच ओसरलेला होता. मोठ्या गावाचे मोठेपण गेल्यावरही त्याच्या नावाची किंमत कित्येक शतके टिकून राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हे नगर आता कोठे आहे, याचे उत्तर गावातील कोणताही शेतकरी एका शब्दात देईल: पांढरीत. आपल्याकडे शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी. ज्या जागी माणसे पिढ्यानुपिढ्या राहिली, चुलीची राख टाकली, मातीच्या भिंती बांधल्या, त्या पडल्यावर त्यांच्यावरच नव्या बांधल्या, ती जागा हळूहळू उंच होते आणि तिच्या मातीला राखट पांढुरका रंग येतो. तेरभोवतीची टेकाडे ही अशी पांढरीची टेकाडे आहेत. त्यांवर चालताना पायाखाली खापरांचे तुकडे करकरतात. पावसाळ्यात पाण्याच्या लोटाबरोबर माती वाहून जाते आणि मागे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीची चित्रे, क्वचित एखादे नाणे उघडे पडते.

परंतु पांढरीला दुसराही एक शत्रू आहे, आणि तो मोठा निरुपद्रवी दिसतो. मराठवाड्यातील जुन्या धर्तीच्या घरांना मातीचे सपाट माळवद असते, आणि पावसाचे पाणी झिरपू न देणारी माती म्हणून पांढरीची माती माळवदासाठी उत्तम समजली जाते. जुन्या टेकाडातून मिळणारी भाजकी वीट तर आयतीच. तेव्हा ज्या नगराला शत्रूने जाळले नाही, ते नगर पाटी पाटीने आणि गाडी गाडीने संपत गेले. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. जिवंत माणसांना घर हवे होते आणि मेलेल्या माणसांची घरे जवळच होती.

असे असता तेरमध्ये दीड हजार वर्षांच्या आसपासची एक विटांची इमारत आजही धड उभी आहे. गावातील त्रिविक्रमाचे देऊळ ते हेच. बाहेरून येणाऱ्याला प्रथम पुढला सपाट छताचा मंडप दिसतो; तो मागाहून जोडलेला आहे. मंडपाच्या पलीकडे जाऊन देवळाला वळसा घालावा, म्हणजे खरा चमत्कार ध्यानी येतो. मागील बाजू कोनाची नसून अर्धवर्तुळाकार आहे, आणि छत हत्तीच्या पाठीप्रमाणे गोलाईने उतरलेले आहे. समोरच्या भिंतीवर वरच्या अंगाला चैत्यकमानीचा आकार ओळखू येतो. ज्याने कार्ल्याचे चैत्यगृह आतून पाहिले आहे, त्याला हा आकार तत्काळ परिचयाचा वाटेल. कार्ल्यास डोंगरात जे कोरले, ते येथे विटांत बांधले आहे. लेणी कोरणाऱ्यांनी ज्या बांधीव इमारतींचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला, त्या इमारती सर्व देशातून नाहीशा झाल्या. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ आणि तेरचे हे त्रिविक्रम, अशी छपरासह उभी असलेली उदाहरणे अगदी विरळा.

हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेरला येऊन या देवळाचे महत्त्व ओळखले. पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात त्यांचे वर्णन आहे. मुळात हे बौद्धांचे चैत्यगृह असावे आणि मागाहून ते वैष्णवांकडे आले असावे, असे त्यांचे मत होते. काळाविषयी आणि मूळ पंथाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आत आज जी उभी मूर्ती आहे, ती तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या विष्णूची आहे, आणि तिची पूजा खंडित झालेली नाही. टेकाडांवरून नुकत्याच आलेल्या प्रवाशाला येथे एक गोष्ट समजून येते. गावातल्या इतर जुन्या विटा गेल्या आणि याच राहिल्या, कारण येथे कोणी तरी रोज सकाळी दिवा लावीत होते. गळणारे छत सारविले जात होते, भिंतीवर उगवलेला पिंपळ उपटला जात होता. मूळ उपासक कोणीही असोत, नंतरच्या उपासकांनी ती वास्तू आपली मानली, म्हणून ती वाचली.

दुपारच्या आत उत्तरेश्वर आणि काळेश्वर ही देवळेही पाहून होतात. उत्तरेश्वराचे देऊळ विटांचेच, नक्षीदार घडणीचे. त्याच्या दाराची कोरीव लाकडी चौकट कझिन्स यांच्याही नजरेत भरली होती. इतक्या प्राचीन काळचे लाकूडकाम आपल्या हवेत टिकणे हेच नवल. ती चौकट आता गावातील संग्रहालयात ठेविली आहे. तेरच्या जुन्या विटांविषयी एक आख्यायिका वाटावी अशी हकीकत सांगतात, की त्या पाण्यावर तरंगतात. ही आख्यायिका नव्हे. विटेच्या मातीत भाताचे तूस भरपूर मिसळलेले असे. भट्टीत तूस जळून जाई आणि विटेच्या अंगी असंख्य बारीक छिद्रे राहत. अशी वीट स्पंजासारखी हलकी होते. मोठ्या कमानदार छताचा भार कमी करण्यासाठी तगरच्या कारागिरांनी वापरलेली ही युक्ती होती.

नदीकाठी काळेश्वराजवळच गोरोबाकाकांची समाधी आहे. परंपरेप्रमाणे शके १२३९ त, म्हणजे इ. स. १३१७ साली, चैत्र वद्य त्रयोदशीस ते समाधिस्थ झाले. त्या तिथीच्या सुमारास येथे वारकऱ्यांची मोठी दाटी होते. संतमंडळींच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे पाहण्यासाठी त्यांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थाप मारली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. ती कथा तेरच्या मातीत ऐकताना तिला एक निराळाच अर्थ येतो. पायाखालच्या पांढरीत गोरोबांच्याही पूर्वी हजार-बाराशे वर्षांची मडकी पडलेली आहेत. या गावाच्या कुंभाराने चाकावरून उतरविलेल्या वस्तूंचा क्रम दोन हजार वर्षे मागे जातो. आणि पुराणवस्तुशास्त्र म्हणजे तरी दुसरे काय? मातीवर थाप मारून ती कोणत्या काळची, कोणत्या हातची, हे ओळखण्याचीच ती विद्या आहे.

ऊन कलू लागले की प्रवाशाने संग्रहालयाकडे वळावे. खेडेगावात सरकारी पुराणवस्तुसंग्रहालय असणे ही आपल्याकडे मोठी अपूर्वाई आहे, आणि तेरला ते आहे ते एका गृहस्थामुळे. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. हे गावातीलच एक व्यापारी. पुरातत्त्व हा त्यांचा पेशा नव्हता. पाऊस पडून गेल्यावर पांढरीत जे उघडे पडे, ते त्यांनी वेचले. शेतकऱ्यांकडून, गुराख्यांकडून, मुलांकडून मिळविले. आणि वर्षानुवर्षे जपून ठेविले. ज्या वस्तूला बाजारात मोल नाही, तिला एका व्यापाऱ्याने मोल दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वस्तूंची गणना हजारोंवर गेली. त्यांचा लौकिक पसरून विद्वान तेरला येऊ लागले; ब्रिटिश संशोधक डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला, आणि लामतुरे यांचे नाव धारण करणारे संग्रहालय तेरमध्येच उभे राहिले.

काचेच्या कपाटांत मांडलेल्या वस्तू लहान लहान आहेत. रंगीबेरंगी दगडांचे आणि काचेचे मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी, तकाकी असलेली तांबडी भांडी. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घालून काढलेल्या पोकळ बाहुल्या तर तेरची खासियतच. त्यांची केशरचना, त्यांचे कुंडल आणि कंठे पाहून त्या काळच्या स्त्रियांच्या हौशीची कल्पना येते. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत उठविलेल्या चकत्याही येथे सापडल्या आहेत. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नसे, तो त्याचा ठसा मातीत घेऊन दोऱ्यात ओवून गळ्यात घालीत असावा. परकी वस्तूचे वेड आणि तिची स्वस्त आवृत्ती, दोन्ही फार जुनी आहेत.

परंतु तेरच्या संग्रहातील ज्या एका वस्तूने जगाचे लक्ष वेधले, ती हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती होय. अंगावर वस्त्रापेक्षा अलंकारच अधिक. अशीच दुसरी एक हस्तिदंती मूर्ती इटलीतील पोंपेई येथे १९३८ साली उत्खननात सापडली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि ‘पोंपेईची लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाते, जरी ती लक्ष्मी असण्यापेक्षा एखादी यक्षी असण्याचा संभव अधिक मानला जातो. व्हेसुव्हियस ज्वालामुखी इ. स. ७९ मध्ये फुटला आणि पोंपेई राखेखाली गाडले गेले. तेव्हा तेथील मूर्ती ७९ सालापूर्वीच हिंदुस्थानातून तेथे पोचलेली असली पाहिजे, यात शंका नाही. तेरच्या मूर्तीला असा बिनचूक काळ सांगणारा कोणी साक्षीदार नव्हता. ती पावसाने उघड्या पाडलेल्या मातीतली. कोणत्या थरातली, हे सांगणार कोण? तिचे वय तिला सांगितले ते हजारो कोसांवरच्या बहिणीने. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननातही याच जातीची हस्तिदंती मूर्ती निघाली. उलट, पोंपेईची मूर्ती हिंदुस्थानच्या कोणत्या भागात घडली असेल याचा विचार करताना विद्वानांना तेर आणि भोकरदन यांचा दाखला घ्यावा लागतो. मूर्तीवर खरोष्ठी अक्षर असल्याने वायव्येकडचाही पक्ष मांडला जातो. तो वाद सुटलेला नाही. पण तेरची मूर्ती तेरची म्हणून नोंदली गेली नसती, तर दख्खनचा पक्ष मांडावयास पुरावाच उरला नसता.

या ठिकाणी तेरच्या भेटीचे सारे सार येते. प्राचीन वस्तूचे अर्धे मोल तिच्या अंगात असते आणि उरलेले अर्धे ती सापडली त्या जागेत. तीच हस्तिदंती बाहुली एखाद्या फेरीवाल्याच्या हाती लागून शहरातील एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात गेली असती, तर तिचे सौंदर्य रतिमात्र कमी झाले नसते; परंतु ती मुकी झाली असती. जागा कळली तर गाव बोलते. थर कळला तर काळ बोलतो. लामतुरे यांनी जागा राखली. थर राखण्याचे काम उत्खननाचे. १९५८ च्या सुमारास चापेकर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, त्यानंतरही वेळोवेळी उत्खनने झाली, आणि सातवाहनकालीन वस्तीचे थर नीट उलगडले. वेचणारा आणि खणणारा यांपैकी एकाचे काम दुसऱ्यावाचून अपुरे राहते. आजही पावसाळ्यानंतर मणी उघडे पडतात. त्यांतील जो मणी संग्रहालयाकडे जातो तो इतिहासात जमा होतो; जो विकला जातो तो केवळ मणी राहतो.

कपाटे पाहून झाल्यावर चौकस प्रवाशाला एक उणीव जाणवावी. पेरिप्लसकाराने तगरहून काय जात असे म्हणून सांगितले? कापड. ज्याच्यासाठी गाड्या तीस दिवसांची वाट चालत, ज्याने हे नगर धनवान केले, त्या कापडाचा एक धागाही पांढरीत उरलेला नाही. माती राहिली, दगड राहिला, हस्तिदंत आणि शंख राहिले; सूत कुजून गेले. ज्या विणकराच्या हातावर तगर उभे होते, त्याचे कापड या गावात कोठेच नाही. त्याची साक्ष एका परक्या व्यापाऱ्याच्या चार ओळींत आहे. म्हणून संग्रहालयातून बाहेर पडताना असे समजू नये, की आपण तगर पाहिले. आपण तगराच्या घरातली अडगळ पाहिली. मुख्य ऐवज काळाने नेला. जे काही उरले ते इतके थोडे आहे, की त्यातील एक खापरही उगाच हलविणे परवडणारे नाही.

सायंकाळी नदीकाठी त्रिविक्रमाच्या देवळातील घंटा ऐकू येते. दोन हजार वर्षांच्या मोठ्या नगराचे जे अवशेष या गावात आज पाहावयास मिळतात, ते दोन प्रकारच्या माणसांनी राखले आहेत. एकांनी देवाचे म्हणून राखले, दुसऱ्याने गावाचे म्हणून राखले. राजांच्या बिरुदांनी तगराचे केवळ नाव टिकविले. त्याच्या विटा आणि त्याची बाहुली टिकविली ती दिवा लावणाऱ्या पुजाऱ्याने आणि खापरे वेचणाऱ्या व्यापाऱ्याने. महाराष्ट्रात पांढरीची टेकाडे पुष्कळ गावांशेजारी आहेत, आणि त्यांवर दर वर्षी पाऊस पडतो. त्या प्रत्येक गावात असा एखादा वेचणारा निघाला, आणि त्याने वेचलेले गावातच मांडून ठेवण्यास एक खोली मिळाली, तर लेण्यांच्या देशातील हरवलेल्या पेठाही हळूहळू बोलू लागतील.